हृदयाच्या झडपेवरची गुठळी

एका गावातली ही गोष्ट आहे. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी गोष्ट कुठल्याही गावात घडू शकते.

घरात तीन माणसे. सासू, मुलगा आणि सून. सून २८ वर्षांची. कामाला चांगली, बोलायला कमी. लग्नाला सात वर्षे झाली होती, पण पाळणा हलला नव्हता. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ पडला. आळीतल्या बाया कुजबुजू लागल्या, "पोरीचा पायगुणच बरा नाही." ऐकून ऐकून सासूच्याही मनात ते भरले. मुलाचे दुसरे लग्न करावे, असे एका पाहुण्याने सुचवूनही झाले.

सुनेची आणखीही दुखणी होती. सकाळी उठले की हाताची बोटे आखडलेली असत. उन्हात खुरपायला गेली की गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठे. केस विंचरताना मुठीने हातात येत. सासू म्हणे, "वात असेल. उन्हाचं होतं असं." दुखणे अंगावर काढायची आपल्याकडे रीतच आहे. तसेच तिनेही काढले.

एके सकाळी ती भाकरी थापत होती. एकाएकी उजवा हात लुळा पडला. पीठ परातीबाहेर सांडले. तोंड एका बाजूला वाकडे झाले. बोलायला गेली, तर शब्द फुटेना. सासू घाबरून ओरडली, "अगं बाई, पोरीवरून वारं गेलं!" कोणी म्हणाले बाहेरची बाधा आहे, अंगारा लावा. कोणी म्हणाले देवऋषाला आणा. एवढ्यात शेजारचा मुलगा आला. त्याने कोणाला विचारले नाही. १०८ नंबर फिरवला आणि गाडी बोलावली. दीड तासात सून जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचली.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मेंदूत रक्तस्राव नव्हता. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत एक गुठळी अडकली होती. ती विरघळवण्याचे औषध लगेच सुरू झाले. पण डॉक्टरांच्या मनात प्रश्न उभा राहिला. बाई तरुण. रक्तदाब ठीक, साखर ठीक, तंबाखूची सवय नाही. मग ही गुठळी आली कुठून?

ती हृदयातून आली होती. हृदयाच्या झडपेवर ती धरली होती आणि तिथून सुटून मेंदूत गेली होती. पण झडपेवर तरी ती का धरली? ते समजायला आधी हृदयाचे काम समजून घेऊ.

हृदय म्हणजे पंप

हृदयाला आपण काळीज म्हणतो. ते छातीत, जरा डावीकडे असते. आकार आपल्या मिटलेल्या मुठीएवढा. हृदय म्हणजे रक्ताचा पंप. मिनिटाला सुमारे ७० ते ७५ ठोके, म्हणजे दिवसाला एक लाख. माणूस स्वस्थ बसलेला असला तरी हा पंप मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतो. दिवसाचा हिशोब केला तर ७ हजार लिटरच्या वर जातो. आपल्या विहिरीवरची मोटारही अशी दिवसरात्र न थांबता चालत नाही, आणि तिला वीज लागते ती वेगळीच!

हृदयात चार कप्पे असतात. उजवी बाजू शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते. तिथे हवेतला प्राणवायू रक्तात मिसळतो. ते शुद्ध रक्त डाव्या बाजूला येते आणि तिथून मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडे जाते. डाव्या बाजूचे काम अधिक जोराचे असते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिची गरज पडेल.

आता झडपा. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतो, तो तुम्ही पाहिला असेल. पाणी वर जाताना तो उघडतो. मोटार बंद झाली की मिटतो, म्हणून चढलेले पाणी परत विहिरीत उतरत नाही. हृदयातही अशाच चार झडपा आहेत. त्या रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. फूटव्हॉल्व्ह कडक असतो. हृदयाच्या झडपा मात्र पातळ, मऊ, फुलाच्या पाकळीसारख्या असतात. दर ठोक्याला त्या उघडतात आणि मिटतात. मिटताना एकमेकींवर आपटतात. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात, तो 'लब-डब' आवाज या झडपा मिटण्याचाच असतो.

गुठळी: मित्र आणि वैरी

विळ्याने बोट कापले तर रक्त येते. थोड्या वेळाने ते आपोआप थांबते. कसे? रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. डेंग्यूच्या साथीत हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. जखम झाली की हे कण धावून येतात आणि तिथे चिकटतात. मग रक्तातूनच बारीक तंतू तयार होतात. ते जाळे विणतात. जाळ्यात रक्त अडकते आणि भोक बुजते. यालाच गुठळी म्हणतात. गुठळी झाली नसती, तर बारीकशा जखमेनेही माणूस दगावला असता. म्हणून गुठळी आपली मित्र.

पण हीच गुठळी कारण नसताना, रक्तवाहिनीच्या किंवा हृदयाच्या आत धरली, तर ती वैरी होते. पाटाच्या दाराशी काडीकचरा कसा अडकतो? आधी एक काडी अडकते. तिला पाला अडकतो. पाल्याला गाळ. तसेच झडपेचे होते. झडपेचे वरचे अस्तर कुठे जरासे दुखावले आणि त्यातच रक्त गोठण्याकडे झुकलेले असले, की तिथे प्लेटलेट चिकटतात. त्यांवर तंतूंचे जाळे बसते. हळूहळू पाकळीच्या कडेला बारीक गाठ तयार होते. कधी तांदळाच्या दाण्याएवढी, कधी हरभऱ्याएवढी. हे बहुतेक डाव्या बाजूच्या झडपांवर होते.

झडपेचे तीन वेगवेगळे रोग

झडपेचे दुखणे म्हटले की सगळे एकच, असे समजू नये. तीन रोग वेगवेगळे ओळखले पाहिजेत, कारण तिन्हींचे औषध वेगळे आहे.

पहिला सांधेताप. लहानपणी, बहुधा ५ ते १५ वर्षांच्या वयात, मुलाचा घसा एका जातीच्या जंतूंनी सुजतो. त्यावर औषध झाले नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि मोठे सांधे सुजतात. जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती चुकून झडपांवरही हल्ला करते. पुढे काही वर्षांनी झडपा जाड होतात, आखडतात. आपल्या देशात झडपा बिघडण्याचे हे फार मोठे कारण आहे. ज्या मुलाला सांधेताप होऊन गेला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन द्यावे लागते. ते डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चुकवू नये.

दुसरा जंतूंचा रोग. किडलेल्या दातातून, जखमेतून किंवा घाणेरड्या सुईतून जंतू रक्तात शिरतात आणि झडपेवर घर करतात. तिथे जंतू आणि गुठळी मिळून गाठ होते. रोग्याला ताप येत राहतो. जंतू झडप कुरतडतात. यावर जंतू मारणारी इंजेक्शने चार ते सहा आठवडे द्यावी लागतात.

तिसरा रोग आपल्या सुनेला झालेला. या गुठळीत जंतू नसतात. नुसते प्लेटलेट आणि तंतू. दवाखान्याच्या कागदावर त्याचे नाव लांबलचक लिहिलेले असते: नॉन-बॅक्टेरियल थ्रॉम्बोटिक एन्डोकार्डायटिस. नावाला घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की हृदयाच्या आतल्या अस्तरावर, जंतूंवाचून धरलेली गुठळी. जंतूच नाहीत, म्हणून हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही. रोग्याची ताटवाटी वेगळी करू नका. त्याच्याजवळ बसायला भिऊ नका.

या तिसऱ्या रोगाची एक खोड आहे. जंतूंच्या रोगात झडप सुजते, फाटते, म्हणून रोग्याला त्रास लवकर जाणवतो. या रोगात झडप बहुधा आपले काम करीत राहते. धाप लागत नाही. गुठळीमुळे ताप येत नाही. रोगी कामधंदा करीत असतो. पण ही गुठळी झडपेला घट्ट धरलेली नसते. ती सैल असते. सहज तुटते. तुटली की रक्ताच्या लोंढ्याबरोबर निघते. डावी बाजू सगळ्या शरीराला रक्त पाठवते, हे आपण मघाशी पाहिले. म्हणून गुठळी कुठेही जाऊ शकते. मेंदूत गेली तर लकवा होतो. मूत्रपिंडात गेली तर कुशीत कळ येते, लघवीतून रक्त जाते. प्लीहेत गेली तर डाव्या बरगडीखाली दुखते. हातापायात गेली तर तो अवयव थंड आणि फिका पडतो, आणि भयंकर ठणकतो. पुष्कळ वेळा या रोगाची पहिली खबर अशीच येते.

न्यूयॉर्कचे दोन डॉक्टर

जंतूंची गाठ आणि बिनजंतूंची गाठ यांतला फरक डॉक्टरांना तरी कसा कळला? त्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे आणि समुद्रापलीकडे, अमेरिकेत जावे लागेल.

न्यूयॉर्क शहरात माउंट सायनाय नावाचे मोठे इस्पितळ आहे. तिथे इमॅन्युएल लिबमन नावाचे डॉक्टर होते. रोग्याच्या रक्तातून झडपेच्या रोगाचे जंतू शोधून काढण्यात त्यांचा हातखंडा होता. त्या काळी पेनिसिलीन निघाले नव्हते. झडपेवर जंतू बसले की रोगी बहुधा वाचत नसे. लिबमन आणि त्यांचे सहकारी बेंजामिन सॅक्स यांना चार रोगी असे आढळले, की त्यांच्या झडपांवर गाठी होत्या, पण रक्तात जंतू मिळेनात. हा आजवर कोणी न वर्णिलेला प्रकार आहे, असे त्यांनी १९२४ साली लिहून प्रसिद्ध केले. पुढे इतर डॉक्टरांच्या ध्यानात आले, की ल्यूपस नावाच्या रोगात अशा गाठी होतात. आजही ल्यूपसमधल्या या गाठींना लिबमन-सॅक्स यांचेच नाव आहे.

त्या दिवसांत झडप डोळ्यांनी पाहायची, तर रोगी वारल्यावर शरीर उघडूनच पाहावी लागे. १९५३ साली स्वीडन देशात एड्लर नावाच्या डॉक्टरांनी आणि हर्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञांनी वेगळी युक्ती केली. कारखान्यात लोखंडातल्या भेगा शोधायला एक यंत्र वापरीत. ते कानाला ऐकू न येणारा आवाज लोखंडात सोडी आणि त्याचा प्रतिध्वनी टिपी. तेच यंत्र त्यांनी जिवंत माणसाच्या छातीवर लावले. विहिरीत हाक मारली की हाक परत येते ना? तसाच हृदयावर आपटून आलेला आवाज टिपून त्यांनी हृदयाची हालचाल पाहिली. आज आपण ज्याला 'इको' म्हणतो, ती तपासणी ही. त्यात सुई नाही, दुखणे नाही. गाठ फार बारीक असली तर घशातून नळी घालून आतून इको करतात. जरा त्रासाचे असते, पण चित्र स्वच्छ दिसते.

मुळाशी काय असते?

आता मुख्य गोष्ट. झडपेवरची ही गुठळी बहुधा आपली आपण होत नाही. ती दुसऱ्या एखाद्या रोगाची खूण असते. उसाचे पान पिवळे पडले तर शहाणा शेतकरी पानाकडे बघत बसत नाही. तो मुळाशी उकरून पाहतो, हुमणी लागली आहे का. तसेच इथेही मूळ शोधावे लागते.

पहिले मूळ ल्यूपस. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी शक्ती असते. राखणीचा कुत्राच म्हणा. पण हा कुत्रा चोर सोडून घरच्या माणसांना चावू लागला तर? ल्यूपसमध्ये तसेच होते. ही शक्ती आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर, रक्तावर हल्ला करते. दहा रोग्यांत साधारण नऊ बायका असतात, त्याही बहुतेक मुले होण्याच्या वयातल्या. खुणा कोणत्या? बोटांचे सांधे दुखणे. ऊन लागले की गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखा लाल चट्टा. केस गळणे. तोंडात वारंवार फोड. बारीक ताप. पायांवर सूज. ल्यूपसच्या रोग्यांचा इको केला तर दहांत सुमारे एकाच्या झडपेवर अशी गाठ सापडते.

दुसरे मूळ ल्यूपसचे भावंडच म्हणा. काही माणसांच्या रक्तात रक्त गोठवणारी एक प्रकारची द्रव्ये तयार होतात. ल्यूपस असलेल्यांत ती पुष्कळदा सापडतात, पण ल्यूपस नसलेल्यांतही असू शकतात. १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहॅम ह्यूज नावाच्या डॉक्टरांनी हा रोग नीट मांडून दाखवला. या रोगात पायाच्या शिरेत गुठळी होते, तरुणपणी लकवा होतो आणि बायकांचे गर्भ पुन्हा पुन्हा पडतात. पोटातल्या बाळाला वार पोसते. वारेचे काम या रोगाने बिघडते, तिच्यात गुठळ्या होतात, आणि बाळ जगत नाही. यात त्या बाईचा काय दोष? पायगुणाचा काय संबंध?

तिसरे मूळ कॅन्सर. पॅरिस शहरात आर्मां त्रूसो नावाचे थोर डॉक्टर होऊन गेले. ज्याच्या शिरांत कारण नसताना गुठळ्या होतात, त्याच्या पोटात कॅन्सर दडलेला असू शकतो, असे त्यांनी १८६५ साली आपल्या विद्यार्थ्यांना शिकवले. पुढे दोन वर्षांत तीच खूण त्यांना स्वतःच्या अंगावर दिसली. आपल्याला काय झाले आहे ते त्यांनी ओळखले. १८६७ साली ते जठराच्या कॅन्सरने वारले. त्या काळी कॅन्सरवर इलाज नव्हता. आज पुष्कळ कॅन्सरवर आहे, आणि लवकर सापडला तर अधिक आहे. कॅन्सरमुळे रक्त गोठण्याकडे झुकते, आणि शिरांत होते तशी गुठळी झडपेवरही होते. फुप्फुस, स्वादुपिंड, जठर आणि बायकांचे बीजकोश यांच्या कॅन्सरमध्ये हे जास्त दिसते. म्हणून उतारवयात अशी गुठळी सापडली तर डॉक्टर सगळे शरीर तपासायला सांगतात. उगाच खर्चात पाडतात, असे तेव्हा म्हणू नये. पण गुठळी झाली म्हणजे कॅन्सर असलाच पाहिजे, असेही नाही.

याशिवाय फार भाजणे, सगळ्या रक्तात विष पसरणे, दीर्घ आजाराने शरीर झिजणे, यांतही अशी गुठळी धरू शकते.

आणखी एक सांगून ठेवतो. हा रोग विरळा आहे. लकवा झालेल्या बहुतेक माणसांत कारण दुसरेच असते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, विडी. तेव्हा सांधे दुखले की काळीज बिघडले, असे समजून घाबरू नका. पण तरुण माणसाला लकवा झाला, किंवा गर्भ पुन्हा पुन्हा पडले, तर नशिबाला बोल लावून बसू नका. तपासणी करा.

सुनेची तपासणी

आता आपल्या सुनेकडे परत येऊ. इकोत तिच्या डाव्या बाजूच्या झडपेवर बारीक गाठ दिसली. ती जंतूंची की बिनजंतूंची, हे ठरवायला डॉक्टरांनी तीन वेळा रक्त घेतले आणि त्यातून जंतू वाढतात का ते पाहिले. वाढले नाहीत. इथे एक सांगितले पाहिजे. ताप आला की पुष्कळजण दुकानातून जंतू मारणाऱ्या गोळ्या आणून घेतात. अशाने जंतू पूर्ण मरत नाहीत, पण तपासणीत दिसत मात्र नाहीत. डॉक्टर फसतात. म्हणून अशा गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, आणि घेतल्या असतील तर डॉक्टरांपासून लपवू नयेत.

मग डॉक्टरांनी सासूला जवळ बोलावले. "मावशी, हिचे सांधे दुखतात का?"

"दुखतात की. पण ते वाताचं असंल."

"उन्हात गेली की तोंड लाल होतं?"

"होतं. केस बी लई गळतात."

"मूलबाळ?"

सासू जरा थांबली. खालच्या आवाजात म्हणाली, "दोनदा राहिलं, दोनदा गेलं. पायगुण म्हणायचा, दुसरं काय?"

डॉक्टर म्हणाले, "मावशी, पायगुण नाही. हिच्या रक्तातच रोग आहे. त्यानेच सांधे दुखले, त्यानेच तुमची दोन नातवंडं गेली आणि त्यानेच आज हात गेला. मूळ एक आहे. रक्त तपासून मी तुम्हाला दाखवतो."

रक्ताच्या तपासणीत ल्यूपस निघाला, आणि रक्त गोठवणारी ती द्रव्येही निघाली. १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली. ती तेव्हाही होती. अशी दोनदा खात्री करून घ्यावी लागते. सासू घरी आली ती गप्प होती. त्या दिवसापासून पायगुण हा शब्द त्या घरात कोणी काढला नाही.

औषध दोन प्रकारचे

या रोगात दोन कामे बरोबरच करावी लागतात. एक म्हणजे मूळ रोगावर औषध. ल्यूपस असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नावाची गोळी देतात. ती मूळची हिवतापाच्या औषधांपैकी आहे. ती बरीच वर्षे घ्यावी लागते, आणि मधून मधून डोळे तपासून घ्यावे लागतात. कॅन्सर असेल तर कॅन्सरवर उपचार.

दुसरे काम नवी गुठळी होऊ न देण्याचे. त्यासाठी आधी हेपॅरिनची इंजेक्शने देतात. कॅन्सरच्या रोग्याला बहुधा तीच चालू ठेवतात. सुनेसारख्या रोग्याला पुढे वॉर्फरिनची किंवा त्याच जातीची गोळी देतात. लोक या गोळीला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. काही वेळा झडपेची शस्त्रक्रियाही करावी लागते, पण ती सर्वांना लागत नाही.

वॉर्फरिन कसे सापडले, ते आपण गुरे पाळणाऱ्यांनी ऐकण्यासारखे आहे. १९२० नंतरच्या वर्षांत अमेरिका आणि कॅनडा या देशांत गुरे रक्त वाहून मरू लागली. शिंग कापल्याची जखमही जीव घेई. शोध केला तेव्हा कळले, की ही गुरे स्वीट क्लोव्हर नावाची, आपल्या लसूणघासासारखी वैरण खात होती. वैरण ओली राहून तिला बुरशी आली होती. १९३३ साली विस्कॉन्सिन प्रांतातला एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड आणि दुधाच्या बरणीत तिचे न गोठणारे रक्त घेऊन विद्यापीठात गेला. कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे खपून त्या वैरणीतले द्रव्य वेगळे काढले. त्याच जातीचे वॉर्फरिन १९४८ साली उंदीर मारायला विकू लागले. १९५४ पासून ते माणसाला औषध म्हणून देऊ लागले. मापात दिले तर तारते, मापाबाहेर गेले तर मारते.

म्हणून या गोळीचे नियम कडक आहेत. ठरलेल्या वेळी घ्यावी. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आयएनआर नावाची रक्ताची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी, कारण गोळीचे माप तीवरून ठरते. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाऊ नयेत. झाडपाल्याचे औषधही न विचारता घेऊ नये. पालक, मेथी, चाकवत या भाज्या खाव्यात, पण एका आठवड्यात रोज आणि पुढे महिनाभर नाही, असे करू नये. त्यांनी गोळीचा जोर कमी होतो. हिरडीतून रक्त आले, शौचाला काळे झाले, डोक्याला मार लागला, तर लगेच दवाखाना गाठावा. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना गोळीची माहिती द्यावी.

बायकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. वॉर्फरिनने पोटातल्या बाळाला अपाय होतो. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. ते गोळी बदलून हेपॅरिन आणि थोडे ॲस्पिरिन देतात. या उपायाने पूर्वी गर्भ पडलेल्या अनेक बायकांना धडधाकट मूल झाले आहे.

सुनेचा हात पूर्वीसारखा झालेला नाही. पण रोज व्यायाम करून आता ती भाकरी थापते. भाकरी जरा वाकडी होते. बोलणे नीट झाले आहे. उन्हात जाताना डोक्यावरून पदर घेते, बाह्या पुऱ्या घालते. रात्री आठ वाजले की सासू हाक मारते, "पोरी, गोळी घेतली का?" भिंतीवर दिनदर्शिका आहे. गोळी घेतली की त्या तारखेवर खूण करायची. खूण सासूच करते. साक्षरतेच्या वर्गात ती आकडे शिकली आहे.

ध्यानात ठेवा

१. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे बोबडे झाले, तर तो लकवा समजा. वेळ पाहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते.

२. घरी ॲस्पिरिन किंवा दुसरी गोळी देऊ नका. लकवा गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे डोक्याच्या फोटोशिवाय कळत नाही.

३. झडपेवरची प्रत्येक गाठ जंतूंची नसते. रक्त तपासल्याशिवाय औषध ठरत नाही.

४. बिनजंतूंची गुठळी ही खूण आहे. मूळ रोग शोधा.

५. सांधे, चट्टे, केस, गर्भपात, पूर्वीच्या गुठळ्या, हे सगळे डॉक्टरांना सांगा. लाजू नका, लपवू नका.

६. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका.

७. गर्भ पडला म्हणून बाईला दोष देऊ नका.

वर्गात चर्चा करा

हृदयाची झडप आणि फूटव्हॉल्व्ह यांत सारखेपणा काय? झडपेच्या तीन रोगांत फरक काय? सून २८ व्या वर्षी आजारी पडली, पण तिच्या रोगाच्या खुणा आधीपासून दिसत होत्या. त्या कोणत्या? तुमच्या घरात असती, तर तुम्ही काय केले असते?